मार शून्य

सोमवार, १२ जानेवारी

भाऊजी,

तुम्ही कॉम्प्युटर सुधारायला आला होता की त्याचा जीव घ्यायला? एवढंच सांगा. जुना हळू होता, मान्य आहे. सकाळी बटण दाबलं की चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाला तरी उठायचा नाही. पण उठायचा! पावती द्यायचा. तुम्ही नवी सिस्टम घातलीत आणि आता उठायचं नावच नाही. काळा पडदा, आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते. मी ताटकळत बसते, ती लुकलुकत बसते. जसं काही मीच बोलायचं आहे आणि ती माझ्यासाठी थांबली आहे.

तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही आठवडाभर राहिलात, माझ्याबरोबर बसलात, ते मी विसरणार नाही. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून तुम्ही तो कॉम्प्युटर उघडलात, तेव्हा मी गप्प बसले. माणूस गेलेल्या घरात कोण कुणाला काय बोलणार. पण तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, की भाऊजी, चालतंय त्याला हात लावू नका.

आता ऐका. गाड्या येतात, वजनकाट्यावर चढतात, लाल आकड्यांचा डबा वजन दाखवतो. तो चालू आहे. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करून मी पावती हाताने लिहिते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. सिमेंटवाल्यांनी परवा गठ्ठाच परत पाठवला, म्हणे हे वाचता येत नाही, छापील द्या. मग शिट्टी आला. शिट्टी म्हणजे आमच्या यार्डाचा मॅनेजर, बोलताना त्याचं नाक वाजतं म्हणून तुमच्या दादांनीच ठेवलेलं नाव. म्हणाला, "बाई, मार्चमध्ये वजनमापाचे साहेब काटा तपासायला येणार. तोवर कॉम्प्युटर चालला नाही तर काटा ठेकेदाराला द्यावा लागेल. त्याची माणसं इथेच राहतील." इथेच म्हणजे कुठे, तर केबिनच्या मागे, माझ्या खोलीत. ज्या खोलीत मी लग्न होऊन आले त्या खोलीत. आणि मी कुठे जायचं? तर ते त्याला माहीत नाही, तो फक्त मॅनेजर आहे.

फोन करून बघितला. तुमच्या त्या खाणीच्या ऑफिसातला बाबा म्हणतो, रोपवेच्या माणसांना खासगी फोन वर जोडून देत नाही. म्हणून हे पत्र. बोटं दुखली माझी.

अजून एक. काल रविवार, यार्ड बंद. मी केबिन पुसायला गेले आणि सवयीने बटण दाबलं, तर हा पठ्ठ्या लगेच उठला! डोंगराचं चित्र, तारीख, सगळं लख्ख. आज सकाळी पुन्हा मेला. सुट्टीला टुणटुणीत आणि कामाच्या दिवशी आडवा. तुमच्या घराण्यावर गेलाय.

काय करायचं ते सोप्या भाषेत लिहा.

वहिनी


रविवार, १८ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र रोपवेच्या खालच्या स्टेशनातून खडीच्या पाटीबरोबर वर आलं, कोपरा भिजला होता, पण तुमचा राग कोरडाच पोचला.

कॉम्प्युटर मेलेला नाही. तो थांबला आहे. दोन्हींत फरक आहे. नवी सिस्टम उठायच्या आधी क्षणभर कानोसा घेते, समोर कुणी माणूस आहे का, त्याला काही सांगायचं आहे का. त्या तेवढ्या वेळात कीबोर्डची एखादी कळ दाबली गेली, तर तिला वाटतं कुणीतरी बसलं आहे. मग ती उठायचं सोडून त्या माणसाच्या हुकमाची वाट बघते. ती लुकलुकणारी रेघ म्हणजे "बोला" असं आहे. तुम्ही बरोबर ओळखलंत.

म्हणजे एखादी कळ अडकली असणार. चहा सांडला असेल, धूळ बसली असेल. कीबोर्डची वायर मागून ओढून काढा, कीबोर्ड बाजूला ठेवा आणि मग चालू करा. कळच नाही म्हटल्यावर तिला कुणी बसल्याचा भास होणार नाही, ती सरळ उठेल. उठली की पुन्हा वायर लावा.

इथे धुकं आहे. रोपवेचं एक चाक कुरकुरतं, त्याच्या मागे आहे. ट्रॉलीत चढण्याआधी इथे माणसांचं वजन करतात आणि त्या वजन करणाऱ्याशी माझं रोज वाजतं. सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

खोलीची काळजी करू नका. इतक्या वर्षांत दादाचा काटा कधी बंद पडला नाही.

तुमचा,
धाकटा


शनिवार, २४ जानेवारी

भाऊजी,

चहा मी सांडत नाही. चहा तुम्ही सांडता. मागच्या वेळी गादीवर सांडलात, त्याचा डाग अजून आहे.

तुम्ही सांगितलं तसं केलं. वायर ओढली. कीबोर्ड काढला, चांगला मांडीवर घेऊन बसले, वायर खाली लोंबत होती. बटण दाबलं. काळा पडदा आला, रेघ आली. आणि भाऊजी, त्या रेघेपुढे आपोआप उमटायला लागलं. मी बघून जसंच्या तसं लिहिते:

-60
-60
-60

आधी आडवी रेघ, मग सहा, मग शून्य. खाली पुन्हा तेच. कीबोर्ड माझ्या मांडीवर! दोन्ही हात माझे त्याच्यावर आणि मी एक बोट हलवलं नाही. पडदा भरला तसा वरचं वर सरकून जायला लागलं आणि खाली नवं येतच होतं. घाईघाईने नाही. एका चालीने. एका बोटाने टाइप करणारा माणूस असतो ना, कळ शोधतो, दाबतो, पुढची शोधतो, तसं. तुमचे दादा तसंच करायचे, म्हणून मला ती चाल माहीत आहे.

मी "कोण आहे?" म्हणून ओरडले. मोठ्याने ओरडले. खिडकीपाशी लाल ट्रकचा ड्रायव्हर गाडी काट्यावरून उतरवून पावतीसाठी उभा होता, तो म्हणाला, "मीच आहे मावशी, अजून कोण?" मी त्याला म्हटलं, तू गप. पावती लिहिताना त्याच्या गाडीचा नंबर चुकले. दोनदा.

मग मी कॉम्प्युटरचा मेन प्लगच उपटला. तुम्ही म्हणाल तो कानोसा घेतो, माणूस बसलाय असं त्याला वाटतं. मला हे सांगा, मी समोर बसले होते ती त्याला दिसत नाही, मग तो कुणाचं ऐकून लिहून घेत होता?

आणि साठ म्हणजे काय? तुमच्या सिस्टममध्ये ती शिवी आहे का?

उंदीर म्हणू नका. उंदराला आकडे येत नाहीत.

वहिनी


रविवार, १ फेब्रुवारी

वहिनी,

घाबरू नका. तुमचं पत्र वाचून मलाही एकदा मागे वळून बघावंसं वाटलं, पण मग डोक्यात उजेड पडला.

कॉम्प्युटरला दोन वायरी आहेत. एक कीबोर्डची, दुसरी काट्याच्या लाल आकड्यांच्या डब्याची. डबा वजन मोजतो आणि त्या वायरीतून कॉम्प्युटरला कळवतो. जुनी सिस्टम उठताना त्या वायरीकडे लक्ष देत नसे. नवी देते. डब्याने पाठवलेला आकडा तिला माणसाने दाबलेल्या कळेसारखाच वाटतो. तेच पडद्यावर उमटत होतं. एका चालीने उमटत होतं कारण डबा एका चालीनेच पाठवतो. भूत नाही, वायर आहे.

आता डबा गप्प का नाही, एवढाच प्रश्न. काटा शून्यावर असला की तो काही पाठवत नाही, तशी त्याची जुळणी आहे. शून्यावर नसेल तर पाठवत राहतो. म्हणजे तुमचा काटा शून्यावर नाही. पुढची आडवी रेघ म्हणजे उणे. काट्याच्या पत्र्यावर काही नसताना तो उणे साठ किलो दाखवतो आहे. असं कधी होतं? शून्याचं बटण दाबलं तेव्हा पत्र्यावर साठ किलो काहीतरी होतं आणि नंतर ते उतरलं, तर. डब्याने तेवढं वजन "काहीच नाही" म्हणून धरलं. ते गेलं की त्याला साठ कमी पडतात.

दादाचं वजन साठच्या आसपास होतं ना? तो सकाळी पत्र्यावर उभा राहून शून्य मारायला लावत असणार. सोपी चूक आहे, कुणाकडूनही होते.

करायचं एवढंच: आधी डब्याची वायर काढून कॉम्प्युटर चालू करा. उठला की वायर लावा. मग पत्रा मोकळा असताना शून्याचं बटण दाबा. पुन्हा त्रास होणार नाही.

इकडे सगळं ठीक. झोप जरा जड लागते.

धाकटा


सोमवार, ९ फेब्रुवारी

भाऊजी,

सोपी चूक म्हणे! सख्ख्या भावाबद्दल असं लिहिताना हात कसा धजावला तुमचा?

तुम्ही डोंगरावर गेलात तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं, तुम्हाला काट्यावरचं काम काय माहीत. मी सांगते. रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी तुमचे दादा झाडू घेऊन पत्र्यावर जायचे. कडेकडेची खडी, माती, सगळं लोटून काढायचे. मग पत्र्यावरून खाली उतरायचे. खाली! सिमेंटच्या कट्ट्यावर उभे राहायचे, दोन्ही पाय कट्ट्यावर आहेत का ते वाकून बघायचे आणि तिथून ओरडायचे, "मार शून्य!" मी आत बटण दाबायची. लग्नानंतर मला पहिलं काम त्यांनी शिकवलं ते हे. एकदा मी हाकेच्या आधी दाबलं होतं तर दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. त्या माणसाने पत्र्यावर उभं राहून शून्य मारलं? ज्या दिवशी छातीत कळ येऊन त्या पत्र्यावर पडले, त्या दिवशीसुद्धा आधी उतरून, हाक मारून, मग पहिली गाडी घ्यायला पुन्हा चढले होते.

आणि ते गेल्यापासून मी बटणाला हात लावलेला नाही. हाक मारणारा नाही तर दाबायचं कशाला? डब्यावर साठ दिसतात हे मला केव्हाचं माहीत होतं, पडद्यावरचे साठ तेच, हे मात्र डोक्यात आलं नाही. मला वाटलं पत्र्याखाली चिखल बसलाय. नळी लावून तीनदा धुतला मी तो पत्रा, खाली काठी घालून खरवडला. पुढची आडवी रेघ, मला वाटलं डब्याची एक काडी खराब होऊन पेटलेली राहिली. जास्तीचे साठ शोधत होते मी इतके दिवस! तुम्ही म्हणता ते कमीचे आहेत.

मग मी विचार केला. ते गेल्यानंतर शून्य मारलं कुणी? मी नाही. शिट्टीला डब्याचं तोंड कुठे ते माहीत नाही. राहिलं कोण? तुम्ही. नवी सिस्टम घातलीत त्या दिवशी. तेव्हा पत्र्यावर काय उभं केलं होतं ते आठवा. तुमची बॅग एवढी जड नव्हती.

आता पुढचं. तुम्ही सांगितलं तसं बुधवारी केलं. डब्याची वायर काढली, बटण दाबलं, उठला. वायर लावली, तर आपला पावतीचा प्रोग्राम म्हणाला काटा शून्यावर नाही, पावती देणार नाही. मी बाहेर जाऊन पत्रा झाडला. कट्ट्यावर उतरले. आता हाक कोण मारणार आणि बटण कोण दाबणार, मी एकटी. मनातल्या मनात हाक मारली, आत आले, दाबलं. रेघ गेली, साठ गेले, शून्य आलं. पावती फडफडत बाहेर आली. मी त्या पावतीकडे बघून रडले, हे शिट्टीला सांगू नका, त्याला वाटलं मला पडसं झालंय. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, छान चाललं. मी तुम्हाला शाबासकीचं पत्र लिहिणार होते.

काल रविवार. यार्ड बंद, दुपारचं ऊन पत्र्यावर पडलेलं, कुत्रंसुद्धा नाही. केबिनमध्ये डबा बघितला.

60

आडवी रेघ नाही. नुसते साठ. मी बाहेर गेले. पत्रा कोरडा, मोकळा, मी स्वतः झाडलेला. हाताने चाचपला. आत आले, साठ. खिडकीतून बघत उभी राहिले. आकडा हलला नाही. दहादहाने हलणारा काटा तो, कुणी पाय बदलला तर हलणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मी पाय बदलायची वाट बघत होते.

आज सकाळी शून्य.

खरं काय ते लिहा. समजावून सांगू नका, खरं लिहा.

वहिनी


रविवार, १५ फेब्रुवारी

वहिनी,

खरं लिहितो.

त्या दिवशी पत्र्यावर काही नव्हतं. धुकं होतं. मी आत डब्याची वायर नव्या सिस्टमला जोडून बघत होतो. डब्यावर शून्य नव्हतं, किती होतं ते मी नीट बघितलं नाही. एवढ्यात बाहेरून हाक आली, "मार शून्य!" मी दाबलं. शून्य आलं. नंतर तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही, कारण तुम्हीच हाक मारली हे मी धरून चाललो होतो.

तुमचं पत्र वाचलं आणि ती हाक पुन्हा ऐकली. वहिनी, तुम्ही मला "मार" म्हणाल का? इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदा तरी अरे-तुरे केलं आहे का? तुम्ही म्हटलं असतं, "मारा शून्य". त्या हाकेत "मार" होतं. आणि मी कसलाही विचार न करता दाबलं, कारण मला "मार", "आण", "बस" म्हणणारा जगात एकच माणूस होता.

कट्ट्यावर उतरून हाक मारायची त्याची रीत तुम्ही लिहिलीत. मला वाटतं, तो उतरला होता. त्याच्या समजुतीने उतरला होता. पण आता त्याला कट्टा आणि पत्रा कळत नसेल.

दुसरं. ट्रॉलीपाशी वजन करणाऱ्याशी वाजतं असं मी लिहिलं होतं, पण पूर्ण नाही. तुमच्याकडून परत आलो त्या दिवशी मी वजनाला उभा राहिलो तर काटा एकशेतीस. मी सत्तरचा माणूस. मी त्याला म्हटलं तुझा काटा बिघडलाय. तो स्वतः उभा राहिला, बरोबर भरला. मी पुन्हा उभा राहिलो, एकशेतीस. तेव्हापासून तेच. वजन जास्त होतं म्हणून मला हत्यारांची पिशवी खाली ठेवून जावं लागतं, ती नंतर पाटीतून येते. पोरं मला कापूस म्हणतात, दिसतो हलका आणि भरतो जड म्हणून. फक्त रविवारी, रोपवे बंद असताना तपासणीला जातो, तेव्हा नुसता सत्तर. गेल्या रविवारीही सत्तर.

तुम्ही तिथे एकट्या, म्हणून लिहिलं नाही. आणि खरं म्हणजे मला ते बोलून मोडायचं नव्हतं. इथे मी इतकी वर्षं एकटा राहिलो. आता ट्रॉली दरीवरून जाते तेव्हा माझ्या बाजूने खाली कलते आणि मला बरं वाटतं.

तो का आला असेल ते मला कळलं आहे. निघताना तुम्ही दारात होतात, मी पत्र्याच्या कडेने गेलो. तो जिथे पडला तिथे पोचल्यावर नेहमीसारखं म्हणालो, "चल दादा, येतो." सगळेच म्हणतात. निघताना दुसरं काय म्हणतात?

त्याने "चल" ऐकलं असेल.

धाकटा


सोमवार, २३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा गाड्यांची रांग होती. तशीच ठेवली रांग, आणि केबिनच्या पायरीवर बसून वाचलं. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर दमले.

हे मात्र अगदी त्यांच्यासारखं झालं. आयुष्यभर दुसऱ्याचं अर्धंच ऐकलं त्या माणसाने. मी म्हणायची, "बाहेर जाताय तर येताना मीठ आणा", हे फक्त "बाहेर जा" ऐकायचे. तुम्ही "चल" म्हणालात आणि चालले बरोबर! "येतो" ऐकायला थांबले नाहीत. बायको दारात उभी आहे, आठवडाभर जेवलेली नाही, ते दिसलं नाही. इतके दिवस मी त्या पत्र्यावरून जाताना चप्पल काढून जात होते. कुणासाठी? हे तिकडे ट्रॉलीत बसून दरी बघतायत.

तरी रविवारी येतात, हे मला कळलं. या रविवारी मी स्टूल घेऊन कट्ट्यावर बसले. शिवणाचं काम घेतलं. डबा खिडकीतून दिसेल असा वळवून ठेवला होता. साठ. मी काय बोलले ते तुम्हाला सांगायची गरज नाही. संध्याकाळी ऊन गेलं तरी साठच होते, म्हणून मी शाल आणून बसले.

पण भाऊजी, आज सोमवार आणि ते गेले नाहीत. तुमचं वजन आज सत्तर भरलं असेल, बघा. सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर काळा पडदा, पांढरी रेघ, आणि पुढे 60, 60, 60. वायर काढून उठवला, वायर लावली, प्रोग्राम म्हणतो काटा शून्यावर नाही. बटण दाबलं नाही, नाहीतर पुन्हा त्यांना धरूनच शून्य झालं असतं. बाहेर गाड्या. मी दारातून ओरडले, "बाजूला व्हा, कट्ट्यावर उतरा!" आकडा ढिम्म. लाल ट्रकवाला म्हणाला, "मावशी, मी अजून चढलोच नाही, उतरू कुठून?" शिट्टी धावत आला, कुणाशी भांडताय म्हणून. मी म्हटलं, कॉम्प्युटरशी. तो म्हणाला, नाकातून वाजत म्हणाला, "बाई, नऊ तारखेला साहेब येतायत. तेव्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही." दुपारनंतर आपोआप शून्य आलं. रांग संपायला दिवस मावळला.

तर आता नीट ऐका. साहेब नऊ मार्चला, सोमवारी येणार. नवा नियम निघालाय. ते स्वतः शून्य मारणार आणि त्या बटणावर तार ओढून शिशाचं सील ठोकणार. मग पुढच्या तपासणीपर्यंत त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. त्या क्षणाला जे शून्य, ते शून्य.

ते शून्य मारताना तुमचे दादा पत्र्यावर असतील, तर त्यांना धरून शून्य होईल. मग त्यांना कायम इथेच राहावं लागेल, कारण ते उठून तुमच्याकडे आले की माझा काटा उणे दाखवणार, कॉम्प्युटर उठणार नाही, आणि मी खोलीबाहेर. आणि त्या वेळी ते तुमच्याकडे असतील, तर त्यांना वगळून शून्य होईल. मग त्यांनी इकडे फिरकायचं नाही. एका दिवसासाठीसुद्धा नाही. रविवारीही नाही, कारण रविवारचे सोमवारी राहतात, हे आज बघितलं मी. येऊन-जाऊन करणं आता चालणार नाही. दोन्हीकडे पाय ठेवायला तो पत्रा आहे, धर्मशाळा नाही.

शिट्टीला सांगून दुसरा काटा मागा, दुसरी सिस्टम घाला, असलं काही सुचवू नका. तुमच्या सिस्टमला मी दोष देत नाही आता. तिने निदान समोर कुणीतरी आहे हे ओळखलं. मी इतके दिवस चिखल समजून नळीने धुतलं.

मला काय वाटतं ते विचारू नका. विचारलंत तरी लिहिणार नाही. तुम्हाला तिथे एकटं वाटतं हे मला समजतं, आणि तुम्ही माझे धाकटे आहात, म्हणून तुमच्या तोंडचा घास मी ओढणार नाही. पण मी सोडतेय असंही समजू नका. एकदा तरी त्यांनी स्वतः ठरवू दे. आयुष्यभर मी ठरवलं आणि हे "बरं" म्हणाले.

तुम्ही असं करा. हे पत्र मिळालं की त्यांना वाचून दाखवा, मोठ्याने, अर्धं नाही, पूर्ण. ट्रॉलीत नको, तिथे वारा असतो. खोलीत, दार लावून, समोरासमोर. वाचून झालं की "चल" म्हणायचं नाही, "जा" म्हणायचं नाही, काही म्हणायचं नाही. गप्प राहायचं आणि थांबायचं. त्यांना वेळ लागतो.

सहा मार्चच्या शुक्रवारच्या आत मला उत्तर पाहिजे. तुमचं नको. त्यांचं.

वहिनी